मी अजून मासा खाते

२१ सप्टेंबर १९८८

ही डायरी यांना शिरपूरच्या खताच्या दुकानातून फुकट मिळाली होती. खत घ्यायला आमच्याकडे शेत कुठे, पण दुकानदाराला तापीचे मासे आवडतात म्हणून दिली. यांनी त्यात एक अक्षर लिहिलं नाही. आजपासून मी लिहिणार. आले की हातात देईन आणि म्हणेन, वाचा, तुम्ही मजेत सुरतेला बसला होतात तेव्हा इथे माझ्या डोक्यावर काय काय बसलं होतं ते.

पोळ्याच्या दिवशी आमचं भांडण झालं. नेहमीचंच. हे म्हणाले, या नदीत आता काही राहिलं नाही, मी जातो सुरतेला, तुझा भाऊ रुपचंद कापडाच्या मागावर लावून देईल. मी म्हटलं, जा ना मग, कोणी धरलंय. दुसऱ्या दिवशी उठून गेले. झालं एवढंच. पण गावाला एवढंसं पुरत नाही. यांची मासेमारीची डोंगी खाली बंधाऱ्याला पालथी सापडली, नदीला पूर होता, म्हणून हे बुडाले म्हणे. आठ-दहा जणांनी गळ टाकून पाणी ढवळलं. सापडलं का काही? नाही. नसलेला माणूस सापडेल कसा? डोंगी दोरी सुटून गेली असेल.

अभिमन, यांचा चुलतभाऊ, मला म्हणाला, "वहिनी, सदरा काठवर काढी ठेवेल व्हता. सदरा काढीसन कोनी सुरतले जास का?" मी म्हटलं दुसरा घालून गेले. यांना दोनच सदरे आहेत आणि दुसरा दोरीवर वाळत होता, ते त्याला कशाला सांगू. पैसे असतील जवळ, घेतला असेल नवा.

२४ सप्टेंबर

आज भोईवाड्यातल्या बाया बसायला आल्या. पदर डोळ्याला लावूनच आल्या. मी त्यांना चहा दिला.

आमच्या काठावर एक रीत आहे. नदीने ज्या घरातला माणूस नेला, त्या घरात नदीचा मासा शिजत नाही. अंगाला अग्नी मिळेपर्यंत. अंग मिळालंच नाही तर पिठाचा माणूस करून जाळतात, तोवर. कारण कोणी तोंडाने बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. मासे काय खातात ते भोयांना कोणी शिकवायला नको.

तर मी काय केलं, बाया बसलेल्या असतानाच उठले, शेजारून आणलेली मरळ चिरली आणि तव्यावर टाकली. त्यांच्यासमोर पाटावर बसून भाकरीशी खाल्ली. चहा तसाच ठेवून उठून गेल्या. आता गावभर होऊ दे. ज्या घरात मासा शिजतो त्या घरातला माणूस गेलेला नसतो, रीत तुमचीच आहे.

माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणते मी त्यांना, ओट्यावर जाऊन बसल्या. त्यांनाही एक तुकडा ताटात वाढून ठेवला होता. "माले भूक नही शे," म्हणाल्या. नंतर ताट रिकामं दिसलं, म्हणजे खाल्ला असेल.

२९ सप्टेंबर

बसून किती दिवस खाणार. हे यायचे तेव्हा येतील. पुलाजवळ आग्रा रोडवर कौतिक नानांचं चहाचं दुकान आहे, तिथे ट्रक थांबतात. नानांना म्हटलं, तुमच्या छपराखाली एक चूल मांडू द्या, मासे तळून विकते. नाना भले माणूस. डोकं खाजवलं, म्हणाले, "मांड. पण पुष्पा, लोक काय म्हणतील?" लोक आत्ताही म्हणतातच.

अभिमनला मासे द्यायला सांगितलं तर तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसला. मी म्हटलं, विकायला मागते आहे, फुकट नाही. शेवटी देतो म्हणाला. म्हणाला, वरच्या अंगाचे आणीन, पुलाच्या वरचे, खालचे नाही. जसं काही माशांना पुलाचा नाका आहे. त्याचं मन तेवढ्यात निवतं तर निवू दे.

२ ऑक्टोबर

पहिला दिवस आणि फजिती. बेसन लावलं, तिखट-मीठ-हळद लावली, लसूण वाटून लावला. तेलात टाकला तुकडा आणि उलटायला गेले तर पीठ कढईत आणि मासा उघडा. पीठ जळून काळं झालं. एक सरदारजी ड्रायव्हर हसला, म्हणाला, बहनजी, कपड़े उतर गए मछली के. मीही हसले, पण कान लाल झाले.

घरी तळताना असं होत नाही, कारण घरी मी नुसतं तिखट-मीठ चोळून तव्यावर टाकते. कुरकुरीत करायची म्हणजे वेगळं काम आहे. यांना माझ्या हातची तसलीच हवी असायची, वरून कडक, आतून मऊ, आणि मला कधी जमली नाही. आता आल्यावर बघतील.

३ ऑक्टोबर

म्हातारी अजून माझ्यावर रागावलेली आहे असं वाटत होतं, पण आज सकाळी माझ्याकडे पाठ करून जात्याशी बसल्या आणि बोलायला लागल्या. तोंड भिंतीकडे. म्हणाल्या, बेसन एकटं नको, दादर ज्वारीचं पीठ घाल, आणि "जाडं दय, बारीक पीठ तेल पिस." म्हणजे जाडसर दळ, बारीक पीठ तेल पितं. मासा धुतल्यावर फडक्यात दाबून कोरडा कर. मरळीचा बुळबुळीतपणा राखेने काढ, पाण्याने जात नाही. आधी मसाला लावून ठेव, पीठ अगदी टाकायच्या वेळी. आणि कढईत गेला की हात लावू नको, तो आपणहून सुटतो.

मी म्हटलं, एवढं येतं तर इकडे वळून दाखवा ना करून. वळल्या नाहीत. दळत राहिल्या. मासे घरात असले की त्या तिकडे बघतच नाहीत. म्हातारपणी माणूस हट्टी होतं.

७ ऑक्टोबर

जमलं. राखेने घासलेली मरळ, बोटभर जाड तुकडे, त्यावर आडव्या चिरा. लसूण, सुकी लाल मिरची आणि चिंचेचा कोळ चोळून ठेवायचा. मग दादरचं जाडं पीठ, त्यात मूठभर बेसन, कोरडंच, तुकडा त्यात दाबायचा आणि झटकायचा. शेंगदाण्याचं तेल चांगलं तापवून मग आच कमी. हात शिवशिवतो उलटायला, पण थांबायचं. कडा तांबूस होतात, बुडबुडे कमी होतात, आणि झाऱ्याने नुसतं टेकवलं की तुकडा सुटून येतो. दाताखाली पापडासारखा वाजतो आणि आत पांढराशुभ्र, पाझरता.

पितृपक्ष चालू आहे, गावचे लोक खात नाहीत, पण ट्रकवाल्यांना कसला पक्ष. सगळं संपलं. शेवटचा तुकडा मी रोज माझ्यासाठी ठेवते आणि दुकानासमोर उभी राहून खाते. काठावरून येणारे-जाणारे बघतात. बघू दे. कपाळाला कुंकू आहे आणि तोंडात मासा आहे.

खरं लिहायचं तर पहिला घास दर वेळी घशाशी थांबतो. मग पाणी पिते. तिखटामुळे असेल.

१० ऑक्टोबर

आज सर्वपित्री अमावस्या. नथ्थू आबा आले, आमच्या घाटाचे जुने जाणते, यांना पोहायला त्यांनीच शिकवलं. बरोबर अभिमन. आबा ओट्यावर बसले. मग म्हणाले, "पोरी, लोटनना पुतळा करी टाकू. त्याना जीव कथा तरी टेकू दे." कथा तरी, म्हणजे कुठे तरी.

मी म्हटलं, जिवंत माणसाचा पुतळा जाळता? पाप लागेल.

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. म्हणाले, "तू मासा खास तोवर आम्हले काही करता येत नही. बायकोनं म्हनाले पाहिजे."

"मग मी खातेच आहे," मी म्हटलं. "आणि खाणार."

आत्याबाई दाराच्या आड उभ्या होत्या. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते मला दिसलं नाही. आबा उठले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला त्याचा फार राग आला. सांत्वन करायला आले होते की काय.

१६ ऑक्टोबर

नवरात्र. गिऱ्हाईक कमी. झिंगे आणले होते, ते अर्धे परत घरी. सुरतेच्या गाडीवरच्या एका ड्रायव्हरकडे रुपचंदला निरोप दिला होता, आज त्याचं उत्तर आलं. उधन्याला एका कारखान्यात खानदेशातला लोटन भोई नावाचा माणूस नवा लागला आहे म्हणे. पोळ्यानंतरच आला. रुपचंदने अजून स्वतः पाहिलं नाही, पाळी जुळत नाही.

वाचलंत? पोळ्यानंतर. मी वेडी नव्हते. चूल पेटवता पेटवता हसू येत होतं, नाना म्हणाले काय झालं, म्हटलं धूर गेला डोळ्यात.

घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी देवाजवळ दिवा लावला.

२५ ऑक्टोबर

आत्याबाई वाळत चालल्या आहेत. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. मी रोज आवर्जून चांगला तुकडा, पोटाकडचा, बिनकाट्याचा, त्यांच्या ताटात ठेवते. म्हटलं, दात नसले तरी हा मऊ आहे, वरचं कडक काढून खा. "खास, खास," म्हणतात, खाते म्हणून. ताट रोज चाटूनपुसून रिकामं असतं, तरी अंगाला लागत नाही. दवाखान्यात न्यायला पाहिजे.

आमचं मांजर मात्र गुबगुबीत झालं आहे. मेलं कुठे चरून येतं कोण जाणे.

हे आले की म्हणतील, माझ्या आईला उपाशी ठेवलंस. म्हणून लिहून ठेवते, मी रोज वाढते.

२ नोव्हेंबर

आज सुरतेला निघाले, गाडीत बसून लिहिते. दिवाळी तोंडावर आली, आता बोलावून आणायलाच हवं. पुरुषांचं असं असतं, भांडून गेले की स्वतःहून परत यायला लाज वाटते. कोणीतरी न्यायला गेलं पाहिजे. धुळ्याच्या बाजारातून सदरा घेतला, निळ्या रेघांचा. आणि डब्यात तळलेली मरळ घेतली आहे. गार झाली तरी कडक राहते, पाहिलं आहे मी करून.

आत्याबाई वेशीपर्यंत आल्या. म्हटलं, काय निरोप देऊ? त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. माझ्यासाठी कशाला, मी चार दिवसांत परत येणार आहे.

५ नोव्हेंबर

परत आले. साक्रीला गाडी बराच वेळ थांबली होती, तिथे खाली उतरून बसले.

तो लोटन दुसरा आहे. नंदुरबारकडचा. आपल्यातलाच, बिचारा वयाने लहान, मिसरूड फुटलेला पोरगा. मला बघून घाबरला, मग चहा पाजला. डबा त्यालाच दिला. त्याने तिथेच उभ्या उभ्या खाल्ला आणि म्हणाला, ताई, घरची आठवण आली. रुपचंद मला धरून रडत होता. मी त्याला म्हटलं, तू कशाला रडतोस, सुरत केवढी मोठी आहे, एक लोटन सापडला तर दुसराही असेल.

सदरा पिशवीत तसाच आहे.

घरी आत्याबाई दारातच होत्या. मी सांगून टाकलं, भेटले. बरे आहेत. पाळी होती म्हणून फार बोलता आलं नाही, दिवाळीला येतो म्हणाले.

हे खोटं नाही. आधी सांगितलं इतकंच. म्हातारी दार धरून उभी होती, मी तरी काय करणार होते.

१० नोव्हेंबर

काल लक्ष्मीपूजन झालं. आले नाहीत. दिवाळीत कारखाने डबल पगार देतात, म्हणून थांबले असतील, असं आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं. आज पाडवा. मी दुकान बंद ठेवलं होतं, पण घरी बसवेना, म्हणून दुपारी जाऊन चूल पेटवली. खाल्ला तुकडा. ओकारी आली. कढईमागे जाऊन ओकले आणि दुसरा तुकडा खाल्ला. नानांनी पाहिलं. त्यांनी तोंड फिरवलं.

१२ नोव्हेंबर

काल लिहिता आलं नाही. आज सगळं लिहिते.

काल दुपारी पुलाच्या उतारावरून आत्याबाई येताना दिसल्या. पोळ्यापासून त्या नदीकडे फिरकल्या नव्हत्या. पाणी भरायलासुद्धा आडावर जायच्या. न्हालेल्या, लग्नाकार्यातलं हिरवं लुगडं नेसलेल्या. मला वाटलं काही झालं. त्या सरळ चुलीजवळ आल्या आणि बाकड्यावर बसल्या. दमल्या होत्या.

"माले बी दे," म्हणाल्या.

मी म्हटलं, काय?

"मासा दे. मना पोर्‍या जित्ता शे तं मी कसाले उपाशी राहू? तू एकटी नको खाऊ. मी बी खासू."

उपाशी म्हणाल्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मांजर कसं माजलं होतं ते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माशाचा एक कणसुद्धा तोंडात घातला नव्हता. मी वाढायचे, त्या घ्यायच्या, आणि माझं मन मोडू नये म्हणून ताट रिकामं करून ठेवायच्या. आणि रोज भिंतीकडे तोंड करून माझ्यासाठी पीठ दळायच्या. मी त्यांना हट्टी म्हटलं होतं, इथेच, मागे लिहिलं आहे.

कढईत तुकडे होते. मी एक काढला. काढला, खोटं कशाला सांगू. पळसाच्या पानावर ठेवला आणि त्यांच्यासमोर धरला. नाना हात थांबवून बघत होते. अभिमन टोपली घेऊन उभा होता, तो पुढे आला आणि थांबला. आत्याबाईंनी तुकडा उचलला. गरम होता, बोटं भाजत असतील, त्यांनी सोडला नाही. वरचं कवच त्यांच्या बोटाखाली मोडलं, आतलं पांढरं दिसलं. त्या त्याच्याकडे बघत होत्या. मग माझ्याकडे बघितलं, अगदी डोळ्यांत. डोळे पाण्याने भरले होते, पण हात वर जात होता, हळूहळू, तोंडाकडे.

त्या खाणार होत्या. माझ्या शब्दावर. भेटले, बरे आहेत, दिवाळीला येतो म्हणाले, या माझ्या शब्दावर ती आई तो मासा खाणार होती.

मी झडप घातली. त्यांच्या हातातून तुकडा काढून घेतला आणि चुलीत फेकला. म्हटलं, "नका खाऊ. आत्याबाई, तुम्ही नका खाऊ."

"का वं?" त्यांनी विचारलं. अगदी हळू.

तोंड उघडलं आणि जो आवाज निघाला तो माझा आहे असं मला वाटलं नाही. त्यांनी मला पोटाशी धरलं. मी इतक्या दिवसांत रडले नव्हते ते सगळं त्या हिरव्या लुगड्यात रडले. त्याही रडत होत्या आणि माझ्या पाठीवर थोपटत म्हणत होत्या, "व्हई गयं, माय, व्हई गयं." झालं, बाई, झालं.

मी सुरतेला कोणाला भेटले होते ते त्यांना ठाऊक होतं की खरंच विश्वास ठेवून आल्या होत्या, ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

अभिमनने चूल विझवली.

१३ नोव्हेंबर

सकाळी स्वतः नथ्थू आबांकडे गेले आणि म्हटलं, करा. उद्या घाटावर पुतळा करायचा आहे. कोणत्या पिठाचा ते आबांनी सांगितलं, गव्हाचं चालतं. माझ्याकडचं दादरचं पीठ मी शेजारी देऊन टाकलं. निळ्या रेघांचा सदरा पुतळ्याला घालायचा आहे, आत्याबाई म्हणाल्या, नवा शे, बरं व्हयनं.

भांडी आणायला दुपारी पुलावर गेले होते. कढई घासत असताना तो पहिल्या दिवसाचा सरदारजी ट्रक थांबवून उतरला. म्हणाला, क्या बहनजी, आज मछली नहीं?

मी म्हटलं, नहीं. घर में मौत हुई है.

त्याने डोक्याला हात लावला. विचारलं, कौन?

मेरा आदमी.

तो माझ्या कपाळाकडे बघत राहिला. कुंकू होतं अजून, उद्यापर्यंत आहे. मग विचारलं, कब?

मला सांगता येईना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणू की परवा म्हणू. मी कढई घासत राहिले. तो बिचारा तसाच उभा होता, मग हात जोडून गेला.